लाल झेंडा फुटला कसा, आणि जुळत का नाही

प्रश्न तुझाच, पण आधी तो नीट मांडून घेतो, नाहीतर म्हातारा भलतंच सांगत बसला म्हणशील. तू लिहिलंस: "नाना, आमच्या वर्गात सांगितलं की १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष फुटला तो चीनच्या युद्धामुळे. मग सोव्हिएत युनियन बुडालं, चीन बाजाराला लागला, तरी हे दोघे एक का होत नाहीत? आणि त्यानंतरही तुकडे का पडत राहिले?"

माझा अधिकार किती, तेही सांगतो. मी १९७४ पासून इंदूरच्या कामगार न्यायालयात उभा राहिलो. सीपीआयवाल्यांच्या, म्हणजे जुन्या नावाने राहिलेल्या पक्षाच्या, युनियनच्या फायली आल्या, सीपीएमवाल्यांच्या, म्हणजे १९६४ ला बाहेर पडलेल्या 'मार्क्सवाद्यां'च्या आल्या, मधल्यांच्याही आल्या. कार्ड कुणाचंच घेतलं नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी दोन्हीकडे जेवलो, फक्त फी दोन्हीकडे उधार राहिली. त्यामुळे हे उत्तर ग्रंथालयातलं कमी आणि दफ्तरातलं जास्त आहे.

तुमच्या सरांचं अगदीच चुकलं नाही. युद्ध हे फुटीचं निमित्त होतं. भांडण मात्र सात-आठ वर्षं आधीपासून चुलीवर होतं, आणि ते भांडण पेकिंगचं, म्हणजे चीनचं नव्हतं, दिल्लीचं होतं. काँग्रेसचं करायचं काय, हा सगळा वाद. नेहरू पोलादाचे कारखाने काढतायत, पंचवार्षिक योजना आखतायत, मॉस्को त्यांची पाठ थोपटतंय. मग त्यांच्या पक्षातल्या पुरोगामी लोकांशी हात मिळवायचा, की हे सरकार मुळात बड्या भांडवलदारांचं आणि जमीनदारांचं म्हणून त्याच्याशी लढायचं? १९५६ च्या पालघाट अधिवेशनात हा वाद उघड झाला, १९५८ ला अमृतसरमध्ये त्यावर पांघरूण घातलं, १९६१ ला विजयवाड्यात पांघरूण फाटलंच होतं, सरचिटणीस अजय घोष यांनी कसंबसं टाके घालून धरलं. मधल्या काळात, ३१ जुलै १९५९ ला, केंद्राने केरळातलं नंबुद्रीपादांचं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार बरखास्त केलं. काँग्रेसशी मैत्री म्हणणाऱ्यांना त्या दिवशी तोंड दाखवायला जागा राहिली नाही, तरी पक्षाची लाईन, म्हणजे धोरण, बदललं नाही.

अजय घोष जानेवारी १९६२ मध्ये वारले आणि टाके उसवले. मग तडजोड काय, तर पक्षात अध्यक्षपद नव्हतंच, ते नव्याने निर्माण केलं. काँग्रेसशी मैत्री म्हणणाऱ्यांचे डांगे अध्यक्ष, नंबुद्रीपाद सरचिटणीस. एका चुलीवर दोन सुना. ऑक्टोबरात चीनचं सैन्य उतरलं. १ नोव्हेंबरला राष्ट्रीय परिषदेने नेहरू सरकारच्या पाठीशी उभं राहण्याचा ठराव केला, आणि सुंदरय्या, ज्योती बसू, सुरजीत सचिवमंडळातून बाहेर पडले. त्याच महिन्यात धरपकड झाली. आत गेले ते बहुतेक या ठरावाविरुद्धच्या बाजूचे. ते आत असताना बंगालसारख्या ठिकाणी बाहेरच्यांनी कमिट्या नव्याने बसवल्या. मी वकील आहे, म्हणून सांगतो: मतभेदावर माणसं वर्षानुवर्षं एकत्र राहतात. आपण तुरुंगात असताना घराची कुलपं बदलली, हे मात्र कुणी विसरत नाही.

उरलंसुरलं १९६४ च्या मार्चमध्ये झालं. १९२४ च्या, कम्युनिस्टांवरच्या कानपूर कटाच्या खटल्याच्या वेळी डांग्यांनी ब्रिटिश सरकारला मदतीची तयारी दाखवणारी पत्रं लिहिली होती, असं म्हणणारे कागद अभिलेखागारातून बाहेर आले आणि छापले गेले. डांगे म्हणाले, बनावट. खरी-खोटी हा वाद आजही आहे, त्यात मी पडत नाही. तुला फुटीचा क्षण दाखवायचा आहे. ११ एप्रिल १९६४, राष्ट्रीय परिषदेची बैठक. मागणी एवढीच की, ज्यांच्याविषयी चर्चा व्हायची त्यांनी तेवढ्या वेळेपुरतं अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठावं. डांगे उठले नाहीत. ३२ जण उठले आणि बाहेर गेले. दहा वर्षांचा सैद्धांतिक वाद शेवटी एका खुर्चीपाशी येऊन तुटला. कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला गेली असशील तर तुला यात नवल वाटणार नाही.

या ३२ जणांत नंबुद्रीपाद होते, ज्योती बसू होते. दोघांनाही 'चीनवाले' म्हणणं कठीण. पुढचं बघ. बाहेर पडलेल्यांनी जुलैत तेनालीला परिषद घेतली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कलकत्त्याला सातवं अधिवेशन घेतलं, सुंदरय्यांना सरचिटणीस केलं. डांग्यांबरोबर राहिलेल्यांनी डिसेंबरात मुंबईला 'सातवंच' अधिवेशन घेतलं, कारण दोघेही स्वतःला मूळ पक्ष म्हणत होते. निवडणुकीला वेगळं नाव लागलं म्हणून बाहेर पडलेल्यांच्या नावापुढे कंसात 'मार्क्सवादी' आलं, तेच सीपीएम. चिन्हाची तर गंमतच. सीपीआयचं निवडणूक चिन्ह कणीस-विळा, त्यात हातोडा नाहीच. हातोडा, विळा आणि तारा बाहेर पडलेल्यांना मिळाला. आमच्या पाटणीपुऱ्यातले जुने मिलवाले म्हणायचे, "वाटणीत शेती त्यांच्याकडे गेली, कारखाना ह्यांच्याकडे."

१९६४ च्या डिसेंबरअखेर सरकारने या नव्या पक्षाचे नेते पुन्हा तुरुंगात टाकले. मार्च १९६५ च्या केरळ निवडणुकीत त्यांना ४० जागा मिळाल्या आणि सीपीआयला ३. निवडून आलेले कितीतरी आमदार गजाआड होते. ती विधानसभा भरलीच नाही, पण केरळात घर कुणाकडे गेलं ते लोकांनी सांगून टाकलं. आणि 'चीनचे एजंट' म्हणून ज्यांना आत टाकलं, त्यांच्याच विरोधात पेकिंग तीन वर्षांत उभं राहिलं. मे १९६७ मध्ये बंगालातल्या नक्षलबारीत बंड केलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, जुलैत चिनी पक्षाच्या मुखपत्राने त्याला 'वसंताची मेघगर्जना' म्हणून डोक्यावर घेतलं, आणि ऑगस्टमध्ये मदुराईला सीपीएमच्या केंद्रीय समितीने चिनी पक्षाची ही भूमिका साफ नाकारली. चीनसाठी फुटलेला पक्ष तीन वर्षांत चीनला नाही म्हणतो, हे गणित तुमच्या सरांना विचार.

आता इंदूरकडे ये, कारण इथे सिद्धांताला वेगळाच वास यायचा. आमचे वडील मालवा मिलमध्ये टाइमकीपर होते. त्या काळी हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी अशा मिलच्या भोंग्यांवर शहर उठायचं. लाल झेंड्याच्या कामगाराचा रोजचा सामना जमीनदाराशी किंवा अमेरिकेशी नव्हता, इंटकच्या, म्हणजे काँग्रेसच्या कामगार संघटनेच्या दफ्तराशी होता. मध्य प्रदेशच्या १९६० च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकच 'प्रतिनिधी युनियन' मानली, आणि ती इथे काँग्रेसवाल्यांची होती. मालकाशी बोलणी, करार, सगळं तिच्याच हातात. म्हणजे 'काँग्रेसशी सहकार्य' ही लाईन इथल्या मिलच्या दारावर सगळ्यांत महाग पडणारी. हिशेबाने इंदूर पूर्ण सीपीएमकडे जायला हवं होतं.

गेलं नाही. कारण होमी दाजी. हे पारशी वकील १९५७ ला इथून आमदार झाले, १९६२ ला अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, तेही काँग्रेसच्या कामगार नेत्याला हरवून. दाजी सीपीआयमध्ये राहिले, पुढे आयटक या लाल झेंड्याच्या देशव्यापी कामगार संघटनेचे सरचिटणीस झाले, आणि इंदूरच्या लाल झेंड्याचा मोठा हिस्सा त्यांच्याबरोबर राहिला. सीपीआयच्या कार्यक्रमातलं 'राष्ट्रीय लोकशाही क्रांती' आणि सीपीएमच्या कार्यक्रमातलं 'जनतेची लोकशाही क्रांती' यांतलं अंतर किती कामगारांना ठाऊक होतं? वडिलांना नव्हतं. त्यांना एवढं ठाऊक होतं की दाजी रात्री अकराला दार वाजवलं तरी उठतात. फुटीचे इतिहास लिहिणारे ठराव वाचतात, ते वाचावेतच. पण कोणता गाव कोणत्या बाजूला गेला हे शोधताना तिथे कोण माणूस होता ते आधी विचार. आंध्रात सुंदरय्या, केरळात ए. के. गोपालन, आमच्याकडे दाजी.

महाराष्ट्राचीही तीच तऱ्हा. डांगे आणि बी. टी. रणदिवे, दोघे मराठी, दोघे गिरणगावात वाढलेले नेते. १९४८ ला कलकत्त्यात रणदिवे सरचिटणीस झाले, उठावाची हाक दिली, ९ मार्च १९४९ चा रेल्वे संप पुकारला तो फसला, आणि १९५० मध्ये त्यांना जावं लागलं. तेच रणदिवे १९६४ ला डांग्यांसमोर उभे ठाकले. शिवाय आपल्याकडे लाल निशाण पक्ष होता, शेतकरी कामगार पक्ष होता, म्हणजे मराठी डाव्याला घरं बदलायला कधीच कमी पडली नाहीत.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. पक्ष १९६४ ला फुटला. आयटक कधी फुटली? १९७० ला. मेअखेर कलकत्त्याला सीटूची, म्हणजे सीपीएमवाल्यांच्या वेगळ्या कामगार संघटनेची, स्थापना झाली, रणदिवे अध्यक्ष. त्यांची विद्यार्थी संघटना एसएफआयही १९७० च्या डिसेंबरचीच. सहा वर्षं दोन भांडणारे पक्ष एका कामगार संघटनेत नांदत होते! हे का, ते मला दफ्तरातच कळलं. पक्षाला सभासद असतो, युनियनला वर्गणीदार असतो. युनियनचं बँकेत खातं असतं, भाड्याची खोली असते, कोर्टात दावे चालू असतात आणि दाव्यात नाव युनियनचं असतं. ती मोडायला मन सहज तयार होत नाही. आणि एकदा मोडली की जोडायलाही तयार होत नाही, कारण आता दोन खाती, दोन खोल्या, दोन सरचिटणीस.

आमच्या वेळच्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात फुटीसाठी कलमच नव्हतं. ज्याला निघायचं त्याने निघावं आणि नवी नोंदणी करावी. २००१ च्या दुरुस्तीआधी त्याला फक्त सात माणसं पुरत. एकत्र यायचं असेल तर मात्र कलम २४: जुळणाऱ्या प्रत्येक युनियनच्या मताधिकार असलेल्या सभासदांपैकी किमान निम्म्यांनी मत द्यायला लागे, आणि पडलेल्या मतांत ६० टक्के बाजूने लागत. फुटायला सात, जुळायला अर्धी युनियन.

मग १९६४ चं कारण संपलं तेव्हा काय झालं? कारण संपलं १९७८ मध्ये. सीपीआयने आणीबाणीला पाठिंबा दिला होता, लोकांनी १९७७ ला त्याची किंमत वसूल केली: सीपीआय ७ खासदार, सीपीएम २२. पुढच्या वर्षी भटिंडा अधिवेशनात सीपीआयने ती चूक मान्य केली आणि काँग्रेसचा हात सोडला. डांग्यांना हे पटलं नाही, आणि १९८१ मध्ये ज्या पक्षासाठी ते खुर्चीवरून उठले नव्हते त्याच पक्षाने त्यांना काढलं. त्यांची मुलगी रोझा देशपांडे आदल्या वर्षी निघालेल्या नव्या पक्षात होतीच. म्हणजे वाद मिटला, तर वाद मिटवल्याबद्दल अजून एक फूट.

भटिंड्यानंतर दोघांनी एक व्हायला हरकत नव्हती. सीपीआय तेव्हापासून एकीकरण म्हणतच आली आहे. सीपीएम म्हणते, आधी एकत्र लढू. त्यात तत्त्वाचा भाग आहे, पण १९६७ चे लोकसभेचे आकडे बघ: सीपीआय २३, सीपीएम १९. बरोबरीचे होते. तेव्हा जुळले असते तर अर्ध्या-अर्ध्या खुर्च्या वाटल्या असत्या. पण तेव्हा रक्त ताजं होतं. रक्त वाळलं तेव्हा एक मोठा आणि एक धाकटा झाला होता. २००४ ला सीपीएम ४३ आणि सीपीआय १०. धाकट्याला एकीकरण म्हणजे सन्मान, मोठ्याला म्हणजे वाटेकरी. आणि दोन राज्यांचे दोन वेगळे संसार झाले होते. केरळात १९६९ नंतर सीपीआयचे अच्युत मेनन काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री होते आणि सीपीएम विरोधात. बंगालात १९७७ ची डावी आघाडी सीपीआयविनाच आली. अशी दहा वर्षं एकमेकांविरुद्ध निवडणुका लढवल्यावर कार्यकर्त्याची भाषाच बदलते. २०२४ ला सीपीएम ४, सीपीआय २, सीपीआय एमएल लिबरेशन (नक्षलवादी घरातला, पण आता निवडणूक लढवणारा पक्ष) २. आता वाटायला खुर्च्याच नाहीत म्हणून जुळतील, असं तुला वाटेल. मला नाही वाटत. सीपीआयचा राष्ट्रीय पक्षाचा दर्जा एप्रिल २०२३ मध्ये गेला, तरी नाव आणि चिन्ह आहे. गरीब घरातली वाटणी श्रीमंत घरापेक्षा कडू असते, हे तुला जमिनीचे दावे बघून पटेल.

नक्षलबारीनंतर सीपीएममधून निघालेल्या नक्षलवाद्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथे माझं दफ्तर नाही. २२ एप्रिल १९६९ ला त्यांची सीपीआय एमएल (मार्क्सवादी-लेनिनवादी) झाली, १ मेला कानू सन्यालांनी कलकत्त्याच्या मैदानावर जाहीर केली. पण आंध्रचे नागी रेड्डी त्याआधीच बाहेर काढले गेले होते, आणि एमसीसी (माओवादी कम्युनिस्ट केंद्र) त्याच वर्षी ऑक्टोबरात वेगळीच उभी राहिली. सीपीआय एमएलचे सर्वोच्च नेते चारू मजुमदार जुलै १९७२ मध्ये कोठडीत वारले आणि मग गटच गट. लोक याला विचारांचा अतिरेक म्हणतात. मला कारण साधं दिसतं: भूमिगत पक्षाला अधिवेशन भरवता येत नाही. निरोप्या पकडला गेला की एक जिल्हा तुटतो, तुटलेला जिल्हा आपली लाईन ठरवतो, वर्षाने भेट होते तेव्हा दोन पक्ष झालेले असतात. जुळणंही तसंच, बंदुकीने जवळ आणलेलं. बिहारात एमसीसी आणि पीपल्स वॉर या दुसऱ्या सशस्त्र गटाचे लोक एकमेकांना मारत होते. तेच २१ सप्टेंबर २००४ ला सीपीआय माओवादी म्हणून एक झाले. उघडपणे काम करणाऱ्या लिबरेशनमध्ये सप्टेंबर २०२४ ला ए. के. रॉय यांची धनबादची मार्क्सवादी समन्वय समिती आली, तेही बघून ठेव. आणि छत्तीसगड आमच्याच राज्यात होतं तेव्हा शंकर गुहा नियोगींनी या सगळ्या घरांबाहेर जाऊन दल्ली-राजहऱ्यात लाल-हिरव्या झेंड्याची युनियन बांधली. त्यांचा खून सप्टेंबर १९९१ मध्ये झाला.

नेपाळचं उदाहरण तर वकिलांना वर्गात शिकवावं असं. मे २०१८ मध्ये ओलींचा एमाले हा कम्युनिस्ट पक्ष आणि प्रचंडांचा माओवादी पक्ष एक झाले, नाव 'नेपाळ कम्युनिस्ट पार्टी'. पण ते नाव कंसाबिंसातल्या फरकाने दुसऱ्या एकाने आधीच नोंदवलेलं होतं. तो कोर्टात गेला, आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकीकरणच रद्द करून दोघांना आपापल्या घरी पाठवलं. तोवर आत भांडण पेटलेलंच होतं, पण घटस्फोट झाला तो नावाच्या नोंदणीवर.

शेवटी आमचं स्वतःचं एक जुळणं, जे मी १९८९ मध्ये हाताळलं आणि ज्यात मी सपशेल आपटलो. सांवेर रोडवरचा एक इंजिनिअरिंग कारखाना, त्यात दोन लाल युनियन. वरच्या दोन्ही फेडरेशनना विचारलं, कुणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कामगारांनीच ठरवलं, एक व्हायचं. किराणा दुकानाच्या वरची खोली, एक लोखंडी कपाट, त्याला दोन कुलपं, कारण दोन्ही युनियनचे कागद त्यातच. एका बाजूचे खजिनदार परदेशीपुऱ्यातले एक मराठी तात्या होते. रजिस्टर धोतराच्या फडक्यात बांधून आणायचे आणि उघडण्याआधी हात पुसायचे.

मतदान झालं. विरोधात मोजून नऊ मतं. मी पेढे सांगायला निघालो तेवढ्यात तात्या म्हणाले, "वकीलसाहेब, निम्मे झाले का ते बघा आधी." दुसऱ्या युनियनचे झाले. तात्यांच्या युनियनचे झाले नाहीत. आणि होणारच नव्हते. त्यांच्या रजिस्टरात मेलेले होते, नोकरी सोडून खंडव्याला गेलेले होते, एका माणसाचं नाव तर दोनदा होतं. कुणाचंच नाव वर्षानुवर्षं कमी केलं नव्हतं, कारण फेडरेशनला आकडा दाखवायचा असे आणि सभासद-पडताळणीत दुसऱ्या झेंड्यापेक्षा आपला आकडा मोठा हवा असे. एकमेकांना हरवायला जी यादी फुगवली, तिनेच एकीकरण बुडवलं. तात्यांना हे बहुधा आधीपासून माहीत होतं. मी यादी तपासायला हवी होती, मी फक्त उत्साह तपासला.

नंतर एक संयुक्त समिती केली, मागणीपत्रावर दोन्ही शिक्के मारायचे, बोनसच्या वाटाघाटीला दोघांनी मिळून जायचं. ते बरं चाललं. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ ला बंद पडली तेव्हा तिथल्या लोकांनीही शेवटी मजूर, कर्मचारी, अधिकारी असे सगळे एकाच समितीत घेतले आणि थकबाकी डिसेंबर २०२३ मध्ये, ३२ वर्षांनी, पदरात पाडली. आमचा सांवेर रोडचा कारखाना त्याच्या आधीच गेला. जाताना तात्यांनी कपाट भंगारात दिलं आणि दोन्ही रजिस्टरं माझ्याकडे आणून ठेवली, वेगवेगळ्या फडक्यांत. माळ्यावर आहेत. दिवाळीला आलीस की उतरवू, तुझ्या प्रबंधाला लागतील. एकाला वाळवी लागायला लागलीय.